गोळ्या गेल्या, गोडी आली

३ फेब्रुवारी
आजपासून रोज लिहायचं. यंदा एजन्सीत कॉपी-चीफ, म्हणजे जाहिरातींचा मजकूर लिहिणाऱ्यांचा प्रमुख होणार, नोंदी असलेल्या बऱ्या.
शुगरवरच्या पावडरची जाहिरात माझ्याकडे आली. आधी घाबरवायचं, मग हात धरायचा. वर रिकामी खुर्ची, खाली तिच्यात हसणारे आजोबा. हेडलाइन दाढी करताना सुचली: ‘गोळ्या गेल्या, गोडी आली.’ साहेब म्हणाले, चालेल. त्यांचं ‘चालेल’ म्हणजे डोक्यावर घेणंच.

६ फेब्रुवारी
आजोबा मिळेनात. मॉडेल मॉडेलच दिसतात. लोकांना आपल्यातला माणूस लागतो. शेवटी अण्णांना स्टुडिओत नेलं. वडिलांना दहा वर्षं शुगर आहे, म्हणजे खोटं काही नाही. पावडर त्यांनी घेतलेली नाही, पण घेतली असं आम्ही कुठे लिहिलंय? फोटोखाली फक्त ‘आज मी मोकळा आहे.’ रिटायर झाल्यापासून ते मोकळेच आहेत.

१९ फेब्रुवारी
बसस्टॉपसमोर होर्डिंग लागलं. अण्णा दोन्ही वेळा तिकडूनच फिरून येतात. आई गेल्यापासून त्यांना इतकं खुशीत पाहिलं नव्हतं. लोक थांबवून विचारतात, खरंच गुण आला का? आधी नुसते हसायचे. काल म्हणाले, हो, आला.

२ मार्च
ताई आली होती. अण्णांच्या गोळ्या जशाच्या तशा, टेबलावर पावडरचे दोन डबे. तिने विचारलं, तू सांगितलंस? मी म्हटलं, डबे त्यांनी स्वतः दुकानातून आणले. शंभर टक्के खरं. अण्णा म्हणाले, तूच लिहिलंयस ना, तू खोटं लिहिशील का?
रविवारी निवांत बसून समजवायचं. ठरलं.

८ मार्च, रविवार
अण्णा मजेत होते. विरजण कशाला घाला? ‘सवलत फक्त तीन दिवस’ ही माझी ओळ छापून आल्यापासून खप दुप्पट झालाय. अण्णांनीही धावपळ करून चार डबे आणले.

१६ मार्च
अण्णांच्या अंगठ्याला बूट चावला. जखम पावडरने भरेल म्हणतात. ताईला कळवलं नाही, डोकं खाते. गुरुवारी माझी मुलाखत, ती झाली की लगेच डॉक्टर.

१९ मार्च
झालो कॉपी-चीफ. मुलाखतीत सांगितलं, एकच गोष्ट सारखी ऐकली की माणसाला ती खरी वाटते. सगळ्यांनी माना डोलावल्या.
घरी आलो तर कुलूप. शेजारच्या काकू म्हणाल्या, अण्णा तापाने बरळत होते, ताईने हॉस्पिटलात नेलं. मला सहा फोन केले होते. मुलाखतीत फोन बंद ठेवावाच लागतो.

२१ मार्च
पाय गुडघ्याखाली काढावा लागणार. डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या कोणी बंद केल्या? ताई माझ्याकडे बघत होती. मी भिंतीवरची हात धुण्याची सूचना वाचत होतो; फारच ढिली कॉपी. अण्णा म्हणाले, कोणी नाही, मीच कंटाळलो. डॉक्टरांनी तसं लिहून घेतलं. हायसं वाटलं. ऑपरेशननंतर सगळं स्पष्ट बोलायचं.

२६ मार्च
ऑपरेशन झालं. अण्णा आता पुन्हा नीट बोलतात. शेजारच्या खाटेवरच्या माणसाने त्यांना ओळखलं. त्याचीही शुगर वाढलेली. बायकोला पावडर आणायला पाठवतो म्हणाला.
अण्णांनी मला खुणेने जवळ बोलावलं. वाटलं, आता ऐकवणार. हळूच म्हणाले, त्याला सांग, घेऊ नको म्हणून. तुला चांगलं पटवता येतं.
गेलो त्याच्या खाटेपाशी. तो माझ्याकडे बघत राहिला. मी सलाइनची नळी बघत राहिलो.
मग ताई उठली आणि तिनेच त्याला सांगितलं. एका वाक्यात.