अकरा घरांची यादी

२० जानेवारी २००५, राजुरी

अप्पांना जाऊन दोन दिवस झाले आणि ओसरीवर माणसं मावत नाहीत. नऊ वर्षं ज्यांनी या उंबऱ्याला पाय लावला नाही, तीच मांडी घालून बसलीत. सुतकाचा कोरा चहा पुढे केला की तोंडं वाकडी करतात. शिसारी येते.

दादा म्हणतो, दहाव्याला अप्पांच्या आयुष्यावर एक पत्रक छापून वाटू. तू शाळामास्तरीण, तूच लिही.

२१ जानेवारी

लिहायला बसले. ‘थोर शास्त्रज्ञ, प्रेमळ पिता’ — आणि पेन खाली ठेवलं. हे तर कोणाच्याही पत्रकावर असतं.

खरं काय होतं? पुण्याच्या एका प्रयोगशाळेत अठ्ठावीस वर्षं कापडाच्या रंगांवर संशोधन. घरी आले की अंगाला उग्र वास. आई आधी आंघोळीला धाडायची, मगच आम्ही मांडीवर. माझ्या वेण्या तेच घालायचे — दोन्हीकडचे पेड सारखे आले नाहीत तर सोडून पुन्हा. आईला टायफॉइड झाला तेव्हा एकवीस दिवस रजा टाकली आणि भाकरी थापायला शिकले. वरच्या साहेबाने एकदा अहवालातला आकडा बदलायला सांगितला. बदलला नाही. बढती गेली. घरात त्याबद्दल अवाक्षर नाही. आम्हाला आईकडून कळलं.

हे छापलं तर ओसरीवरच्या कोणाला कळणार आहे?

२३ जानेवारी

आज सावळेराम आला होता. आईसमोर नुसता बसून राहिला, मग गेला. तो माणूस बसला होता ती जागा मी पुसून काढली.

रिटायर होऊन अप्पा गावी आले ते ९३ साली. ९६ मध्ये दूध संकलन केंद्रावर आमच्या गाईचं दूध घालायला उभे असताना त्यांना दुधाचा वास खटकला. केंद्र सावळेराम चालवायचा. अप्पांनी घराघराच्या दुधाच्या बाटल्या मागितल्या, आणि त्याने हसत हसत आणून दिल्या. म्हातारा काय पकडणार! अप्पांची तपासणी साधी होती. दुधात तुरीच्या डाळीचं पीठ घालायचं, पाच मिनिटं थांबायचं, लाल लिटमसचा कागद बुडवायचा. निळा झाला की युरिया. शेतात टाकायचा, पोत्यातला. पुण्यातली लेकरं हे पीत होती.

अकरा घरं निघाली. त्यात सावळेरामचंही. अप्पांनी यादी करून वरच्या डेअरीला पाठवली.

चार महिने अख्ख्या गावाचं दूध बंद झालं. मग गावाने आम्हाला बंद केलं. दळण दळून देईनात. ९७ला माझं लग्न झालं, तेव्हा मांडवात गावातलं एक माणूस नव्हतं. अक्षता टाकायला अप्पांचे पुण्याचे सहकारी. अप्पा हसून म्हणाले, बरं झालं, बुंदी पुरली. मी रात्रभर रडले.

सावळेरामचं केंद्र गेलं. आळेफाट्याला एका हॉटेलात पन्नाशीत ताटं उचलत होता. मी एसटीतून पाहिलं होतं. मला बरं वाटलं होतं. अजून वाटतं.

२५ जानेवारी

चौकात फ्लेक्स लागला. अप्पांच्या फोटोपेक्षा खालच्या श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे फोटो मोठे. त्यात यादीतले पाच.

२७ जानेवारी

दहावा. घाटावर कावळा शिवायच्या आत भाषणं सुरू. बँकेचे, सोसायटीचे, कोणकोण. एकाने तर अप्पांना डॉक्टर करून टाकलं. गावाला दिशा दिली म्हणे. त्याच गावाने त्यांना पिठाला महाग केलं होतं.

मग सावळेराम उठला. टोपी काढून माइकपाशी गेला. ‘साहेब लई मोठ्या मनाचा मानूस व्हता,’ एवढंच बोलला असेल.

माझ्याच्याने बसवेना. मी जाऊन त्याच्या हातातून माइक घेतला. म्हणाले, ‘ज्याच्या दुधात युरिया निघाला, त्याच्या तोंडून माझ्या अप्पांचं नाव नको.’

सावळेरामने एकदा आईकडे पाहिलं. टोपी घातली, हात जोडले आणि पायऱ्या चढून निघून गेला. मागून त्याची सून डोळ्याला पदर लावून.

पत्रकं मी वाटली. अकरा घरांची हकीकत छापली होती, नावांसकट.

२८ जानेवारी

दादा चिडलाय. मला काही वाटत नाही. नऊ वर्षांचं ओझं उतरलं.

२९ जानेवारी

आई परवापासून माझ्याशी बोलत नाही. विचारलं तर भिंतीकडे तोंड करते. यादीतल्या लोकांची कसली एवढी भीड? तिचासुद्धा राग आला.

३१ जानेवारी

काल तेरावा झाला. आज सकाळी घोडेगावला माझ्या घरी परतायच्या गाडीसाठी पिशवी भरत होते, तेव्हा आई बोलली.

‘कागुद बारा बाटल्यांचा निळा झाला व्हता. बारावी आपल्या घरची. मीच युरिया टाकला व्हता. आपलं चोख दूध डिग्री कमी म्हनून माघारी यायचं, बाकीच्यांचं युरियानं डिग्री वाढून पास व्हायचं. लई लाज वाटायची. तुज्या अप्पांनी माज्याकडं पाह्यलं, बाटली मोरीत वतली आन अकराच लिवली. सावळेरामभाऊ तितंच बसला व्हता. त्याचं सगळं गेलं. पर आजवर कुनाला बोलला न्हाई.’

गाडीला गेले नाही. सावळेरामकाकांकडे गेले. ते ओट्यावर होते. मी काही बोलायच्या आत त्यांनी सरकून जागा केली.

‘बस, पोरी. वैनी जेवत्यात का नीट?’