नव्या मुकादमाची सासू

मुरुड, सोमवार. लातूर जिल्हा झाल्यावरचा पहिला उन्हाळा, आडात पाणी न्हाई.

सुमे, आजी सांगते अन् तू विसरतेस, म्हणून वहीत मोठ्या अक्षरात लिही: त्या नव्या मुकादमाला मी सोडणार न्हाई.

रोजगार हमीच्या खडी फोडायच्या कामावर बायांची लेकरं सावलीत सांभाळायचं काम माझं. जिल्हा नवा झाला, मुकादमही नवा आला. आज सकाळी म्हणाला, "आजी, हे बसायचं काम माझी सासू करेल. तुम्ही खडी फोडा." बसायचं काम म्हणे! राग चढला तसा दगड घेतला, त्याचं तोंड समजून हातोडा हाणला. लई खडी पडली.

दुपारी लेकरांनी रडून त्याच्या सासूबाईंना भंडावून सोडलं. बाया हातोडे टाकून लेकरांकडं पळाल्या, काम बंद. मुकादम हळूच म्हणाला, "आजी, जरा बघता का?"

"सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हण बाबा, म्हातारीला कमी ऐकू येतं."

गेला तोंड पाडून. लेकरं रडत होती, उठावंसं लई वाटलं. न्हाई उठले. बसायचं काम म्हणे! उद्या म्हणेलच मोठ्यानं.

तोवर राग टिकवायचा हाय, अन् रिकाम्या पोटी तो दुपारीच उतरतो. आईला सांग, उद्या कामावर एक भाकरी जास्त पाठव, अन् ठेचा झणझणीत कर.