सरळ केलेलं आडनाव

रॉटरडॅम

प्रिय लुडविक,

देव तुला सुखी ठेवो. माझे गुडघे बरे आहेत. माझ्याकडे राहणारा तुझा एदगर धडधाकट आहे, शेंगदाण्याचं सूप दोनदा मागून घेतो. सुनेला सातवा महिना लागलाय. तिकडे सुरीनाममध्ये, पारामारिबोत तुझा खोकला थांबला का?

आता किळसवाणी बातमी. एदगरने आडनाव बदललं. नेलोकचं कोलेन केलं. गोऱ्या डच मळेवाल्या कोलेनला गुलाम बाईच्या पोटी झालेल्या आपल्याच पोराला नाव द्यायची लाज वाटली, म्हणून त्याने Kolen ची रोमन अक्षरं उलटी करून Nelok दिलं. तो पोरगा आपला खापरपणजोबा. आणि हा म्हणे ते नाव सरळ करतोय.

"आत्या, फोनवर नेलोक म्हटलं की घर नेमकं भाड्याने गेलेलं असतं. कोलेन म्हटलं की रिकामं असतं."

"मग त्या कोलेनचा फोटोही लाव भिंतीवर."

"बाळाला घर नको का?"



आज तो कामावर गेल्यावर माझ्या दारावरची त्याची नवी 'कोलेन' पाटी काढून मी उलटी लावली. संध्याकाळी तो सरळ करील. उद्या मी पुन्हा उलटी लावीन.

तुझी, अजून उलट्याच नावाची ताई,
कॉर्नेलिया नेलोक