कुड्याच्या बाटलीवरची सही

धुळे, ४ जुलै १९३८
शाळा सुटल्यावर नानांच्या औषधी कारखान्यात. कुड्याच्या सालीचा नवा ढीग आलाय. नेहमीप्रमाणे चिमूटभर भुकटी जिभेवर, कडू लागली, चिठ्ठीवर सही. रसायनाचा मास्तर म्हणून आवेच्या औषधाच्या लेबलावर माझी सही छापतात, ‘तपासून पसंत’. हा एवढाच तपास!

७ जुलै
भूरीबाई सातपुड्याच्या पायथ्याहून सालीची मोळी घेऊन आलेली. नानांनी परत पाठवली, ठेकेदाराचा माल गाडीभर येतो म्हणून. जाताना तिने ढिगातला एक तुकडा दातांनी तोडला न् थुंकली. “भाऊ, हाऊ पांढरा कुडा नही शे. काळा शे. एनी साल जीभले कडू लागतच नही.”
मग भुकटी कडू कशी? तिच्या मोळीतली मूठभर साल मागून घेतली.

८ जुलै
शाळेच्या प्रयोगशाळेत दोन्ही साली आम्लात उकळल्या, गाळल्या, वरून पाऱ्याचं द्रावण थेंब थेंब. भूरीबाईची नळी दुधासारखी गढूळ. अल्कलॉइड भरपूर, आवेवर गुण येतो तो त्याचाच. नानांची नळी स्वच्छ. घरातली जुनी बाटली तपासली, तीही तशीच. कडूपणा काडेकिराईताचा, मागून मिसळलेला.
किळस आली. आधी स्वतःचीच. द्रावण कपाटात, नळ्या समोर, तासाभराचं काम. आणि मी वर्षभर जीभ काढून सह्या ठोकतोय.

९ जुलै
नानांना सांगितलं. सुपारी कातरत होते. “मास्तर, गिऱ्हाईक कडू बघतं. तुमचं ते द्रव्य कोणी बघितलंय?” म्हणजे किराईत यांनीच घालायला लावलं. वर चहा मागवला. मी प्यायलो. शी!
घरी पारोळ्याहून बहिणीचं कार्ड. अक्काला आव, रक्त पडतंय. ‘काळजी नको, तुझ्या सहीची दुसरी बाटली फोडली आहे.’

११ जुलै, पारोळे
भूरीबाईच्या सालीचा काढा करून सकाळच्या मोटारीने आलो. अक्का पार वाळलीय. काढा साध्या बाटलीत. तिने उलटीपालटी करून पाहिली.
“एन्हावर तुन्ही सही कोठे शे?”
म्हटलं, ती सही खोटी, औषध खोटं, मी न तपासता…
हसली. “मन्हा भाऊनी सही खोटी कशी व्हई?”
ओठ घट्ट मिटून पडून राहिली, काढा घेईना. दुपारी पुन्हा रक्त.

१२ जुलै
काल संध्याकाळी नानांच्या बाटलीचं लेबल वाफेवर सोडवलं, काढ्याच्या बाटलीला चिकटवलं. मीच. हात डिंकाने बरबटले, दोनदा धुतले. अक्का मुकाट्याने प्यायली.
आज रक्त कमी. उठून बसली, पेज मागितली. आनंद व्हायला हवा, झालाही. पण शेजारीण येऊन अक्काची तरतरी बघून गेली. तिच्या सुनेलाही आव आहे. औषध कुठलं म्हणून विचारत होती.
मी तोंड उघडायच्या आत अक्काने लेबल दाखवलं. “धुयाले, नानाकडे भेटस. मन्हा भाऊनी सही पाही ले.”