मागच्या दाराने जाणारा वारा

मी, मथुराबाई भीमराज नगराळे, वयाने सत्तरी ओलांडलेली, धंदा कूलर दुरुस्ती, राहणार वणी, जिल्हा यवतमाळ, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. डोळा नवीन बसवलेला असला तरी दिसतं चांगलं. कोणाच्या धाकाने किंवा लाडीगोडीने मी हे लिहीत नाही. लाडीगोडी करून पाहिली गेली आहे, तिचा उल्लेख पुढे येईल. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

वकीलसाहेब म्हणाले, कलमं थोडक्यात ठेवा. जमेल तिथे ठेवीन.

कलम १. माझे पती भीमराज हयात नाहीत. आमच्या दुकानात जळालेल्या मोटारीत नवी तार भरणं त्यांच्याकडे आणि कूलरच्या बाजूच्या ताट्यांत गवत भरणं माझ्याकडे होतं. ते गेल्यावर दोन्ही माझ्या गळ्यात पडलं. मुलगा धम्मरत्न चंद्रपूरला घरोघरी एसी बसवतो. मुलगी मैत्रेयी वणीतच दिलेली असून दुकानात माझ्यासोबत बसते. या दोघांशिवाय मला वारस नाही.

कलम २. दुकान, त्यातली मोटार भरायची मशीन, ग्राइंडर, पत्रा कापायच्या कात्र्या आणि पडून असलेल्या कूलरच्या सगळ्या जुन्या बॉड्या मैत्रेयीला. धम्मरत्नने वाईट वाटून घेऊ नये, त्याला या वस्तू लागत नाहीत. भीमराज यांचा टेस्टर मात्र त्याला द्यावा. लहानपणी तो कानामागे अडकवून वस्तीभर फिरायचा.

दुकानाबरोबर गिऱ्हाइकंही मैत्रेयीकडेच जातील, त्याला इलाज नाही. होळी झाली की कूलर दाखवून घ्या, असं सांगून माझी जीभ झिजली. तरी आमच्या वस्तीतले अर्धे लोक चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आदल्या दिवशीच खांद्यावर पंप घेऊन येतात, कारण दुसऱ्या दिवशी घरी पाहुणे असतात. मैत्रेयीने त्यांना बोलून घ्यावं, पण परत पाठवू नये. ज्या घरी तान्हं लेकरू किंवा म्हातारं माणूस असेल, त्यांचं आधी करावं.

कलम ३. गवताचा व्यापारी घनश्याम याला काही नाही. मलाही त्याने गवताच्या नावाखाली भुसाच दिला.

कलम ४. बँकेत जे काही उरेल ते दोन्ही मुलांना सारखं. माझे सोन्याचे टॉप्स सून उर्वशीला. ती जे बोलायचं ते तोंडावर बोलते, मागे बोलत नाही.

कलम ५. मी मे महिन्यात गेले तर कोणाची वाट पाहण्यासाठी मला भाड्याच्या बर्फाच्या पेटीत ठेवू नये. कूलरसमोर ठेवावं आणि दार उघडं असावं. येणारे येतील. वंदना झाली की उचलावं.

कलम ६. घर. हे लांबणार आहे.

माझ्या नावावरचं दोन खोल्यांचं राहतं घर मी धम्मरत्नला देते, पण अटीवर. अट समजायला कूलर समजावा लागतो. आमचा कूलर रस्त्याकडच्या खिडकीत आहे. त्याची हवा आत यायची तर आतली हवा बाहेर जायला समोर वाट लागते, नाहीतर खोली दमट होते, अंथरूण ओलं लागतं. हे मी गिऱ्हाइकांना आयुष्यभर सांगत आले आणि ते आयुष्यभर दारं लावून घेऊन “कूलर हवाच फेकत नाही” म्हणत आले. एसीचं उलटं असतं. त्याला सगळं बंद लागतं.

धम्मरत्नला या घरात एसी बसवायचा आहे. माझ्यासाठीच म्हणतो, आणि ते खोटं नाही. गेल्या दिवाळीत त्याने टेप लावून मागचं दार मोजलं आणि गोड आवाजात म्हणाला, “आई, हे दार पॅक करून टाकू. थंडक टिकते मंग.”

मी विचारलं, “कोनाची?”

तो हसला. तेव्हाच हे लिहायचं ठरलं.

मागचं दार रुपीबाई डोंगरसिंग आडे हिच्या अंगणात उघडतं. तिची खोली टिनाची, खिडकी एकच आणि तीही पश्चिमेला. मुलगा लखन कोळशाच्या ट्रकवर असतो, महिन्यातून घरी दिसला तर दिसला. उन्हाळ्यात दुपारी ती खोलीत बसूच शकत नाही. खाट ओढून आमच्या दाराला लावते. उजेड चांगला आहे म्हणून गहू निवडायला बसते, असं तिचं म्हणणं. तिथे उजेड अजिबात चांगला नाही.

आम्ही दोघी बोलत नाही. माझ्या टाकीचं पाणी एकदा तिच्या वाळत घातलेल्या मिरच्यांत गेलं, तेव्हापासून ती मला जे ऐकवायचं ते तिच्या बकरीला सांगते. “आज नुसताच वारा येऊन राह्यला वो बकरे, पान्याचा पत्ता नाही.” मी जाऊन बघते तर पंपाच्या जाळीत कोळशाच्या धुळीचा काळा गाळ बसलेला. माझा पंप बंद पडल्याचं माझ्या आधी तिला कळतं. एकदा मी तिच्यासाठी लहान कूलर नेऊन ठेवला होता. तिने तो परत आणून ठेवला आणि बकरीला म्हणाली, “आपल्याले भीक नोको.”

मागल्या मे महिन्यात मी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी नागपूरला गेले होते. घराला कुलूप. परत आले तर बकरी ओरडत होती आणि खाट रिकामी होती. रुपीबाईला ऊन लागलं म्हणून दवाखान्यात नेलं होतं, सलाईनवर. वाचली. लोक म्हणाले, वय झालं. मला ठाऊक आहे काय झालं ते. दार बंद होतं. त्या रिकाम्या खाटेवर बसून मी रडले.

म्हणून अट अशी: रुपीबाई हयात आहे तोवर होळीपासून पाऊस लागेपर्यंत मागचं दार दिवसा उघडं राहील आणि समोरचा कूलर पाण्यासकट चालू राहील. मी गावाला गेले किंवा जगातून गेले तरी. त्या दाराने बाहेर जाणारा वारा रुपीबाईचा आहे. तिने तो मागितलेला नाही, म्हणून कोणी तिला उपकार ऐकवू नयेत. धम्मरत्नने दुसऱ्या खोलीत खुशाल एसी बसवावा. पण दार बंद झालं तर घर त्या दिवसापासून मैत्रेयीचं होईल. बाळा, तू दार बंद करणार नाहीस हे मला माहीत आहे, तरी लिहिलं.

कलम ७. या सगळ्याची अंमलबजावणी मैत्रेयीने करावी.

सही करण्याआधी जोडलेला मजकूर: साक्षीदार म्हणून पहिलं नाव मी रुपीबाईचंच लिहिलं होतं. माझं घर तिच्याइतकं कोणी पाहिलेलं नाही. शेजारच्या कौसल्याबाईंकडून निरोप धाडला, तर ती आली आणि अंगठ्याला शाई लावून बसली. वकीलसाहेबांनी तिचं नाव खोडलं. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं, त्याने साक्षीदार होऊ नये म्हणाले.

“माह्यं नाव काहून काटलं?” रुपीबाईने विचारलं. बकरीला नाही, मला.

“तुले देल्लं हाये याच्यात.”

“काय देल्लं?”

“वारा.”

ती पदराने अंगठ्याची शाई पुसत राहिली, शाई निघाल्यावरही पुसत राहिली. मग म्हणाली, “त मंग उठ, पंप साफ कर. कालपासून कोरडाच येऊन राह्यला.”

वरचा सगळा मजकूर मी वाचला, तो माझाच आहे. पंप साफ करून आले आणि सही करते. कागदावरचा काळा डाग गाळाचा आहे, तो खाडाखोड समजू नये.

सही: मथुराबाई भीमराज नगराळे

मथुराबाईंनी आमच्यासमोर सही केली आणि आम्ही त्यांच्यासमोर:
१. डोमाजी धावजी पुनवटकर
२. कौसल्या अमरसिंग पवार

ठिकाण: वणी, मागच्या दाराशी
दिनांक: ६ एप्रिल २०२५