काचेच्या कपाटातला पाव

मी, ओल्हा वोंग, माहेरची हर्चिशिन, वय एक्याऐंशी, राहणार योर्कटन, सस्कॅचेवान, कॅनडा, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण त्यांची सही लागत नाही. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी घर गावातल्या कर्लिंग क्लबला, म्हणजे बर्फावर दगड सरकवत खेळणाऱ्यांना, दिले होते, कारण त्या आठवड्यात मी माझी मुलगी लोरेन हिच्यावर रागावले होते.

१. बँकेत जे काही असेल ते लोरेनची मुलगी, माझी नात तेस हिला.

२. माझे लाटणे आणि आमच्या, म्हणजे सासरच्या, कॅफेतली मोठी कढई, दोन्ही तेसला. त्यांची ताटातूट करू नये. माझी आई आणि सासूबाई त्यांवरून बावीस वर्षे भांडल्या, तेही एकीला दुसरीची भाषा येत नसताना.

३. सासूबाईंचे चहाचे पेले लोरेनला. लग्नाच्या सकाळी सुनेने गुडघे टेकून सासूला चहा द्यायचा, एवढे माझे यजमान हार्वी यांनी मला सांगितले होते. चिनी घरात तो कोरा असतो, हे सांगितले नाही. आम्हा युक्रेनी लोकांत चहात जॅम घालतात. मी चमचाभर रासबेरीचा जॅम घातला. सासूबाईंनी पेला तळापर्यंत संपवला, बियांसकट, आणि चिनी भाषेत काहीतरी म्हणाल्या. त्याचा अर्थ हार्वीने मला अकरा वर्षांनी सांगितला: "पोरगी वेडी आहे, पण हात सढळ आहे."

४. माझ्या आईचा भरतकामाचा टॉवेल तेसला. आईने चिनी जावई दोन वर्षे मान्य केला नव्हता. शेवटी लग्नादिवशी ती या टॉवेलवर वेणीसारखा गुंफलेला गोल पाव आणि मीठ घेऊन दारात उभी राहिली. जावयाने एक तुकडा मोडून मिठाला लावून खायचा असतो. पण हार्वीच्या घरी वडीलधाऱ्यांनी दिलेले दोन्ही हातांनी घेतात आणि नाही म्हणत नाहीत. त्याने वाकून अख्खा पाव घेतला, टॉवेलसकट, आणि गाडीत नेऊन ठेवला. वऱ्हाड दारातच ताटकळले. दुसऱ्या दिवशी आई टॉवेल मागायला कॅफेत गेली, तर पाव काचेच्या कपाटात, केकच्या वरच्या फळीवर, आणि शेजारी पाटी: "विक्रीसाठी नाही." आईने कपाटाच्या काचेवरून बोट फिरवले. मग म्हणाली, "जावईबापू, हा शिळा होईल. दर शनिवारी ताजा आणून देत जाईन." हात चालत होते तोवर तिने तो आणला.

५. राहते घर. ते लोरेनला, पण एका अटीवर. तेसने ओबिन्नाशी लग्न ठरवले आहे. तो गावातल्या औषधांच्या दुकानात असतो, त्याचे आईवडील नायजेरियाहून आलेले, विनिपेगला राहतात. मार्चमध्ये ते या घरी मागणी घालायला आले आणि त्यांनी लोरेनच्या हाती कोलाच्या बियांची पिशवी दिली. त्यांच्या रीतीप्रमाणे त्या तिथेच फोडून सर्वांना एकेक तुकडा द्यायचा, मगच बोलणी सुरू व्हायची. लोरेनने आभार मानले आणि पिशवी फ्रीझरमध्ये ठेवली. पाहुणे दोन तास हवापाण्यावर बोलत बसले. शेवटी ओबिन्नाचे वडील म्हणाले, "विहीणबाई, लग्नापर्यंत साठवून ठेवताय का?" सगळे हसले. सर्वांत मोठ्याने मी हसले, त्याचा मला पश्चात्ताप आहे. तेव्हापासून लोरेनचे एकच पालुपद: "जिथं माझी टर उडवली, तिथं मी मुलगी देणार नाही." तेस आईला सोडून लग्न करायला तयार नाही, आणि ओबिन्नाला सोडायलाही. पोर झुरते आहे, आणि मला ते बघवत नाही.

लोरेन, तू बापाचीच लेक आहेस. दिलेले अख्खे घेऊन जपून ठेवायचे, ही तुम्हा दोघांची रीत. तर अट अशी: त्या लोकांना पुन्हा बोलवावे आणि ती पिशवी माझ्या टेबलावर उघडावी. नाहीतर घर कर्लिंग क्लबला.

६. आज सहीच्या वेळी असे घडले. दुसरा साक्षीदार आलाच नाही. वकीलसाहेब म्हणाले, कोणीही सज्ञान माणूस चालेल, फक्त घरचे नको, आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. ओबिन्ना माझ्या गोळ्या द्यायला आला होता. मी म्हटले, "ये रे बाबा, इथं सही कर." त्याने मुकाट्याने पेन घेतले. तेसचा चेहरा उतरला.

लोरेन हात पुसत स्वयंपाकघरातून आली. तिने अट वाचलेली नव्हती, नाहीतर घरात शांतता नसती. तिने त्याच्या हातातून पेन काढून घेतले.

"तू नको," ती म्हणाली. "घरचं माणूस चालत नाही, ऐकलं नाहीस?"

तिने पेन माझ्यासमोर ठेवले.

"शेजारून मायर्नाला बोलावून आण," ती त्याला म्हणाली. "आणि येताना तळघरातल्या फ्रीझरमधून ती पिशवी काढ. दगड झाली असेल."

सबब कलम ५ मधील अट मी स्वतः खोडली आहे. घर लोरेनचे, विनाअट. शिवाय ओबिन्ना साक्षीदार नसल्याने आता त्यालाही काही देता येते. कॅफेतले काचेचे कपाट त्याला द्यावे. पाटीसकट.

स्थळ: योर्कटन
दिनांक: ९ नोव्हेंबर २०१९

लिहून ठेवणार: ओल्हा वोंग

आम्हा दोघांसमोर सही झाली:
१. गॉर्डन लाफ्लाम, निवृत्त पोस्टमन
२. मायर्ना फेडोरुक, शेजारीण (पीठ लागलेल्या हातांनी, त्याबद्दल क्षमस्व)