दर आठ दिवसाले टाकी

३ जानेवारी, मेडशी
इंजिनाची चक्की लावाची, ठरलं. बैलजोडी इकाव लागीन, म्हून आधी पुरी चौकशी. घरचीले सोडून कोनाले सांगलं नाही. ती म्हने, "मलेबी काही इचारा ना." तिले काय इचारता!

९ जाने.
वाशीम. स्टेशनाजवळ चंपालालशेठची चक्की. (इथून पुढं चं. वही कोनाच्या हाती पडली तर...) दोन घंटे बसवलं, चहा पाजला. इंजीन कोनतं, पट्टा केवढा, सारं सांगलं. इतकं सांगते काहून? वरून म्हने, "माहा मिस्त्री पंधरा दिवस पाठवतो, फुकट." गुळाबिगर मुंगी येत नाही बाप्पा.

१० जाने.
सापडलं! निघता निघता चं. म्हनला होता, "दर आठ दिवसाले टाकी लावजो, नाही तर पीठ जळते." इंजिनापाशी पान्याची टाकी हाये, म्या पाह्यली. पन दर आठ दिवसाले नवी? अन् साळा त्याचा टिनाच्या टाक्या बनवते! वा रे शेठ.

१३ जाने.
चं.ले पत्र टाकलं. "मिस्त्री तुमच्यापाशीच ठेवा. आमी खेड्यातले हावो, येडे नाही. टाक्या दुसऱ्याले इका." लय बरं वाटलं.

२० जाने.
उत्तर नाही. चोराच्या मनात चांदनं.
रिसोडच्या चक्कीवाल्याकडे गेलतो. त्यानं इंजिनाचं नावबी सांगलं नाही. हा मानूस खरा वाटला.

२२ जाने.
पाथरवटीन दारात ओरडली, "टाकी लावा, टाकीऽ!" घरचीनं जातं उघडून देल्लं. बाई छिन्नीनं दगडाले टिच टिच टोचे पाडत बसली.
म्या इचारलं, हे काय?
घरची म्हने, "टाकी लावून राह्यली. दगड गुळगुळीत झाला का पीठ गरम येते, जळल्यावानी वास मारते. अवो, इतके वर्सं भाकर खाता..."
ओट्यावर बसून गेलो.
"दर किती दिवसाले लागते?"
"माह्या जात्याले सा महिने. इंजिनाच्याले आठ दिवसातच लागीन, पोतेच्या पोते दळाचे."
"मंग मले सांगलं काहून नाही?"
"तुमी इचारलं कवा?"

२३ जाने.
चं.ले पत्र लिहून राह्यलो. तीनदा फाडलं. लाज वाटते, खरं सांगतो. घरची म्हने, "पत्र कायले? तोंडानं माफी मांगा. मीबी येतो, दगड पाहाले." उद्याच्या मोटारीनं दोघं निघतो. बैल अजून इकले नाही. चं. दारात उभं करीन का, मिस्त्री देईन का, देव जाने.
पन एक समजून नाही राह्यलं. फुकट काहून देत होता?